दोन दिवस मागे राहिलेला कॉम्प्युटर

ये, जरा जवळ ये. आणि हे उभ्या उभ्या वाचणार असशील, एक कान मीटिंगला आणि एक डोळा मावशीला, तर आत्ताच ठेव बाजूला. चहा करून घे, बस, मग वाच. मागच्या आठवड्यात फोनवर काय म्हणालीस, आठवतंय का? "मावशी, अजून तोच डबा वापरतेस? फेकून दे गं." फेकून दे म्हणे! माझ्या धाकट्या बहिणीनं तुला फार लाडावून ठेवलंय, दुसरं काय. तिकडं बंगळुरात तुझी कंपनी दर दोन-तीन वर्षांनी नवा लॅपटॉप हातात ठेवते, म्हणून तुला वाटतं सगळ्यांनीच जुनं झालं की टाकावं. अगं, एखाद्या यंत्राला नावं ठेवण्याआधी विचारावं तरी, की त्याच्याबरोबर तू काय काय काढलंस. तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगायला बसले.

मी नेमकं काय काम करते हेही तुला कधी नीट समजलेलं नाही. मैत्रिणींना सांगतेस, माझी मावशीपण प्रोग्राम लिहिते, आणि त्या हसतात. हसू देत. मी राहते संत तुकाराम नगरात आणि रोज सकाळी चाकणला शेडवर जाते. शेड म्हणजे मालकांनी स्वतःच्याच वावरात उभा केलेला पत्र्याचा छोटा कारखाना. तिथं गाड्यांमध्ये बसणारे रबराचे बारके बारके भाग होतात. तापलेल्या साच्यात रबर दाबायचं, निघालेल्या भागाच्या कडा कापायच्या, मोजून खोक्यात भरायचं, खोक्यावर स्टिकर लावायचा आणि मोठ्या कंपनीला पाठवायचं. मी लागले ती स्टोअरला. दहावी पास, हातात वही, कानामागं पेन. पुढं मालकांनी एक कॉम्प्युटर आणला. सहा महिने तो प्लास्टिकच्या कव्हराखाली नव्या नवरीसारखा बसून राहिला, कारण हात कोण लावणार? शेवटी धूळ पुसायच्या निमित्तानं मी लावला.

शिकवायला कोणी नव्हतं. व्हिडिओ बघायचे, तेही वेग कमी करून, कारण ती मुलं बोलतात अशी की पाठीमागं कुत्रं लागलंय. एकेक ओळ वहीत उतरून घ्यायची. चुकलं की स्क्रीनवर जे इंग्रजी उमटतं ते डिक्शनरी घेऊन शब्द शब्द लावायचं. तुम्ही शिकलेल्या मुली ते वाचतच नाही. लाल काही दिसलं की झटकन उचलून दुसरीकडं विचारता. मी पहिली काही वर्षं त्यातलं अक्षरन् अक्षर वाचलं. नंतर मीही शेफारले, ते येईलच पुढं.

पण मजा होती गं. अजून आहे. आता बघ, फोनवर कुणाला मराठीत काही लिहून झालं, की सवयीनं कॉम्प्युटरवरही कीबोर्ड मराठीच ठेवायची मी, आणि प्रिंट लिहायला गेलं की कायतरी 'पृ' का 'क्ष' उमटायचं. पायथन भाषेचं सोवळं वेगळंच. ओळ चार जागा आत म्हणजे चारच, तीन झाल्या की हा रुसून बसणार. एडिटर असा आगाऊ, की मी दोन अक्षरं लिहिते न लिहिते तोच पुढचा शब्द स्वतःच सुचवतो, आणि मी एंटर दाबायला आणि त्यानं तो चिकटवायला एकच गाठ पडते. एकदा तर एक चांगली चालणारी ओळ मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवली, विसरू नये म्हणून. परत उचलली तर चालेना. दोन दिवस डोकं धरून बसले. तर व्हॉट्सॲपवरून येता येता सरळ अवतरणचिन्हं गोल वळणाची झालेली! दिसायला छान, पण पायथन त्यांना ओळखच देईना.

आणि आमचा स्टिकरचा प्रिंटर. खोक्यावरची तारीख, नंबर, भाग किती, सगळं माझाच प्रोग्राम त्यावर छापतो. तो रोज सकाळी पहिला स्टिकर कोरा बाहेर टाकतो. का, ते मला आजतागायत सापडलेलं नाही. वहिनी तो वाया जाऊ देत नाहीत, आपल्या डब्याच्या झाकणावर चिकटवतात आणि त्यावर पेनानं लिहितात, 'शेपू'. जेवणाच्या सुट्टीत झाकण बघूनच कळतं कुणाच्या शेजारी बसायचं.

वहिनी म्हणजे आमच्या पॅकिंगच्या वहिनी. सगळी शेड त्यांना वहिनीच म्हणते. लातूरकडच्या आहेत, नवरा देहूरोडला वॉचमन, दोन मुली शाळेत. आधी कडा कापायच्या कामावर होत्या, दिवसभर ब्लेड धरून बोटांना भेगा. मग त्यांचं मोजमाप इतकं चोख निघालं की मालकांनी पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. पण होत्या कंत्राटावर. म्हणजे काय, सात महिने झाले की ब्रेक. घरी बसायचं आणि फोनची वाट बघायची, परत बोलावतील का दुसरीला घेतील. तीन वर्षं हेच चाललेलं. म्हणून गणपतीत जेव्हा मालक म्हणाले, "वहिनी, दिवाळीला तुमाला पर्मनंट करतो, टेबल तुमचंच," तेव्हा वहिनींनी सगळ्या शेडला गूळ-शेंगदाणे वाटले. पेढे दिवाळीला, म्हणाल्या.

आता खंडेनवमी. तुमच्या काचेच्या इमारतीत काय करतात कोण जाणे, पण आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं, सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजेला बसतात. आणि एकदा पूजेला बसलं की यंत्र चालवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, तेव्हाही नाही. वर्षभर राबतंय, दोन दिवस त्यालाही आराम. आमच्या शेडमध्ये तर मेन स्विचच खाली ओढतात, आणि तो ओढायचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा. म्हणजे माझा. मी कॉम्प्युटर नीट बंद केला, यूपीएसचंही बटण दाबलं, कीबोर्डला कुंकवाचं बोट लावलं, माऊसवर एक फूल ठेवलं आणि बरोब्बर बाराला खटका खाली ओढला. पंखे थांबले, पत्र्यावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. मग सगळे मालकांच्या ओट्यावर जेवायला. पुरणपोळी होती. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि तुपाची वाटी माझ्या ताटात उपडी करत म्हणत होत्या, "खा काकू, आज काय यंत्र बघत नाही."

तिथंच त्यांनी मला सांगितलं, की स्टिकरवरचा नंबर फार बारीक आहे, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. मी म्हटलं, करते मोठा. दसऱ्याला दुपारी घरी, सोनं वाटून आल्यावर, लॅपटॉपवर बसून केला. एकादशीला सकाळी पेन ड्राइव्हवर घालून शेडवर आणला. खटका वर, दिवे लागले, प्रेस तापायला लागल्या, कॉम्प्युटर सुरू. मी नवी फाइल जागेवर ठेवली आणि मेक चालवलं. मेक तू वापरत असशील नसशील, ते कोणती फाइल नवी, कोणती जुनी, हे तारखेवरून बघतं आणि लागेल तेवढंच काम पुन्हा करतं. त्यानं काम केलं, पण एक ओळ टाकली. ही फाइल भविष्यातली दिसते, घड्याळात गडबड असू शकते.

मी काय केलं? म्हटलं, असशील बाबा भविष्यातली, आणि खिडकी बंद केली. अगं, तो रोजच काहीतरी कुरकुरतो. हे जुनं झालं, ते बदला, अमकं पुढच्या आवृत्तीत मिळणार नाही. कुणाकुणाचं ऐकायचं? स्टिकर निघाला, नंबर चांगला टपोरा. वहिनी खूश, मी खूश. दोन दिवस माल भरभरून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक फोन कानाला लावूनच शेडमध्ये आले, बोलणं संपवलं आणि सरळ पॅकिंगच्या टेबलापाशी गेले. फोनवर फोटो उघडला, आमच्याच खोक्याचा.

"वहिनी, ही खोकी कधी भरली?"

"परवा आन् काल की मालक."

"मग स्टिकरवर नवमीची नि दसऱ्याची तारीख कशी? शेड बंद हुती ना?"

वहिनींनी फोन हातात घेऊन तारीख वाचली.

"तिकडचे साहेब मला इचारत्यात, तुमच्यात दसऱ्याला मशीनला हात लावत न्हाईत, मग माल काय देवीनं भरला का? का बाहेरनं आणला? सगळा लॉट अडवलाय गेटवर. रबर हाय, तारखेवर जातं ते, चेष्टा न्हाई." मालकांचा आवाज तसा मोठाच, पण त्या दिवशी प्रेसच्या वरनं ऐकू येत होता. "बाहेरचा माल न्हाई हे मला ठावं हाय. म्हंजे स्टिकर आदीच काढून ठेवले. व्हय का न्हाई?"

स्टिकर आगाऊ काढून ठेवणं आमच्यात मोठा गुन्हा. माल एका दिवसाचा, तारीख दुसऱ्या दिवसाची, पुढं काही बिघडलं तर शोधायचं कुठं?

"मी कशाला काढू हो आधी?"

"तुमीच म्हनला हुता, शनवारी घाई हुती, आदी काढून ठेवू का म्हनून."

"विचारलं होतं मालक. तुम्ही नको म्हणलात, तिथंच सोडलं. मुलीची शपथ घेऊन सांगते."

 मालक खाली बघून म्हणाले, "उद्यापासनं कडा कापायला बसा. दिवाळीचं मंग बघू."

तुला खरं सांगू? त्या क्षणी माझ्याही मनात आलं, काढले असतील बाईनं. सणाचे दिवस, घरी लवकर जायचं असेल. माझ्या प्रोग्रामची चूक असेल हे डोक्यात शिवलंसुद्धा नाही. इतकी वर्षं नीट चाललाय म्हटल्यावर मी त्याच्याकडं बघायचंच बंद केलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत वहिनींनी डबा उघडला नाही. माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकू, तुमच्या यंत्रात असतंय ना सगळं लिहिलेलं, स्टिकर कधी काढला ते? तेवढं काढून दाखवा मालकाला."

असतं. प्रत्येक स्टिकर निघाला की प्रोग्राम एका फाइलीत वेळ लिहून ठेवतो, ते मीच केलंय. मी गेले, फाइल उघडली. त्यात लिहिलं होतं, नवमी, दुपारी साडेबारा. त्याखाली पाऊण. त्याखाली एक. म्हणजे यंत्राची साक्ष वहिनींच्या विरुद्ध! हे मालकांना दाखवलं असतं तर संपलंच होतं. वहिनी माझ्या मागं उभ्या होत्या. वाचता येत होतं त्यांना. म्हणाल्या, "असं कसं हो काकू?"

आणि मग मला ती तुपाची वाटी आठवली. नवमीला साडेबाराला ही बाई माझ्या मांडीला मांडी लावून मालकांच्या ओट्यावर बसलेली. अर्धा तास आधी मी स्वतः मेन स्विच ओढलेला. वीज नाही, प्रिंटर बंद, दाराला कुलूप. स्टिकर निघालेच कसे? बाई खोटं बोलत नाही, हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मग उरलं कोण?

मेक जे बोलतं तेही एका फाइलीत साठतं, मी ती उघडली. एकादशीची ती ओळ तिथं होती. ही फाइल भविष्यातली दिसते. आता या वेळी मी शब्द शब्द वाचला, पहिल्या वर्षी वाचायची तसा. मी फाइल केली दसऱ्याला दुपारी. कॉम्प्युटरला ती भविष्यातली वाटली, म्हणजे एकादशीला सकाळी हा अजून दसऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता. घड्याळ बघावं तर स्क्रीनवर घड्याळच नाही. डोळ्यांसाठी अक्षरं मोठी करताना जागा पुरेना, म्हणून खालची पट्टी मीच लपवून ठेवलेली. माऊस खाली नेला, पट्टी वर आली. घड्याळ जवळजवळ दोन दिवस मागं!

शेडच्या कॉम्प्युटरला नेट नाही, आतमध्ये फक्त एक बटणाएवढा सेल असतो. वीज गेली तरी तेवढ्यावर घड्याळ चालू राहतं. इतकी वर्षं राहिलंच की. या वर्षी तो म्हातारा झाला, आणि आमच्या शेडमध्ये ते कुणाला कळणार तरी कसं? वर्षाचे बाकी सगळे दिवस यूपीएस चालू. वीज पूर्ण जाते ती फक्त खंडेनवमीला, आम्ही ओढतो म्हणून. मी बाराला खटका ओढला आणि घड्याळ तिथंच बसून राहिलं. एकादशीला खटका वर केला, तर ते तिथूनच पुढं चालायला लागलं, जणू मधे काही झालंच नाही. त्याच्या लेखी नवमीची दुपार चालू होती आणि माझा प्रोग्राम ते सांगेल ती तारीख छापत होता.

आता मालकांना सांगायला हवं होतं. आणि सांगायचं म्हणजे काय, कॉम्प्युटर चुकला असं म्हणून भागणार नव्हतं. त्यानं मला पहिल्याच सकाळी सांगितलं होतं, मीच तोंड फिरवलं. मालक पाहुण्यांना माझ्याकडं बोट दाखवून म्हणतात, "हे आमचं सॉफ्टवेअर." त्या बोटाची मला लाज वाटली त्या दिवशी. वहिनींना म्हटलं, "तुम्ही इथंच थांबा," आणि ऑफिसात गेले.

सगळं सांगितलं. सेल, खटका, ती ओळ, लपवलेली पट्टी. मालक ऐकत होते, मधे एकदा म्हणाले, "म्हंजे पूजेनं झालं?"

"पूजेनं नाही. मला सांगितलेलं मी वाचलं नाही, त्यानं झालं. वहिनींनी एकसुद्धा स्टिकर आधी काढलेला नाही. कडा कापायला बसवायचं तर मला बसवा."

"तुमाला? ब्लेड दिसल का तरी काकू?" म्हणाले, आणि उठून पॅकिंगकडं गेले. मी मागोमाग. सगळ्यांसमोर मालक वहिनींना म्हणाले, "वहिनी, चुकलं आमचं. तुमी टेबल सोडायचं न्हाई." वहिनींनी पदर डोळ्याला लावला, तो काढला, आणि मालकांना सोडून माझ्याकडं वळल्या. "काकू, आम्ही एक भाग कमी भरला तर तुम्हाला यंत्रातनं लगेच कळतं. आन् घड्याळ दोन दिवस मागं गेलेलं कळलं नाही?" सगळी शेड हसली. मीपण हसले, काय करणार?

कंपनीच्या साहेबांना पटवायला मात्र प्रेसवाल्यांची वही कामी आली. किती तापमान, किती वाजता, कोणता साचा, हे ते अजून हातानं लिहितात, कुंकवाचे डाग पडलेली वही. त्यात सगळं एकादशीचं आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. साहेबांनी पानांचे फोटो मागवले, बघितले आणि म्हणाले, माल ठीक आहे, फक्त स्टिकर बदलून द्या. मी आणि वहिनी कंपनीच्या गेटवर जाऊन बसलो. जुना स्टिकर निघता निघत नाही, तेलाचं बोट लावून खरवडावा लागतो. दिवसभर खरवडलं. वहिनींनी मला शेपूची भाजी अशी करायची, तशी नाही, हे पूर्ण शिकवलं. एवढ्या चुकीनंतर इतका चांगला दिवस वाट्याला यावा, मला नवल वाटलं.

सेल पिंपरीतल्या घड्याळवाल्याकडून आणला. बसवायला पाच मिनिटं लागली. आणि प्रोग्रामही बदलला. आता रोज सकाळी तो पहिला स्टिकर काढण्याआधी विचारतो, आज तारीख काय? घड्याळाची तो स्वतः मनात ठेवतो, दाखवत नाही. वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून हातानं लिहायची. दोन्ही जुळल्या तरच पुढं. वहिनी एका बोटानं, जोरात, एकेक आकडा दाबतात आणि म्हणतात, "हं, पटलं का?" वसुबारसेला त्यांच्या हातात पर्मनंटचं पत्र पडलं. ते त्यांनी तीनदा वाचलं, मग मला दिलं, म्हणाल्या, काकू, तुम्ही पण वाचा, काही सुटायला नको.

तर म्हणून म्हणते, त्याला फेकायची भाषा नको. पण एक गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे. घड्याळावर मी डोळे मिटून विसंबले, ते कळलं. अजून कशाकशावर विसंबले असेन, ते मला माझं दिसत नाही. स्वतःचं लिहिलेलं स्वतःला नेहमी बरोबरच वाटतं. तुम्ही तिकडं एकमेकींचं तपासून देता म्हणे, पास करण्याआधी. माझं इतक्या वर्षांत कोणी तपासलेलं नाही. तू तपास. फोनवर नको, स्क्रीन दाखवून नको, समोर बसून, शेडवर, एकेक ओळ बोट ठेवून. लाजू नकोस, चुका काढ, मी काही रुसत नाही. वहिनींनाही सांगून ठेवलंय, भाची येणार आहे. त्या रोज विचारतात. दोन दिवस सुट्टी काढ आणि ये गं, लवकर ये.